मधले पद

पाटणचा शिलालेख आपण मराठीची माणसे भाषेसाठी वाचतो. चाळीसगावजवळचा हा १२०७ सालचा लेख बहुतांशी संस्कृतात आहे. अखेरीस दानाचा तपशील तेवढा जुन्या मराठीत येतो. त्यातले प्रत्यय तपासून आपण पुढे सरकतो. दान कशासाठी होते, हे विचारायचे राहून जाते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठासाठी ते होते.

त्या मठात काय शिकवले जात असेल, याची कल्पना ‘बीजगणिता’वरून येते. त्यातील एका प्रकरणाचे नाव ‘मध्यमाहरण’, म्हणजे मधले पद नाहीसे करणे. वर्गसमीकरणाचे अवयव सहज पडेनात, की विद्यार्थी अडतो. येथे अवयव शोधायचेच नाहीत. दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायचे आणि मधल्या पदाच्या सहगुणकाचा वर्ग मिळवायचा. डावी बाजू पूर्ण वर्ग होते. मूळ काढले की उरते साधे समीकरण. चौपट अशासाठी, की वाटेत अपूर्णांक येऊ नयेत.

हा नियम भास्कराचार्यांचा नव्हे. तो श्रीधराचार्यांचा असल्याचे ते नाव घेऊन सांगतात. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही. नियम उरला तो या अवतरणामुळे. हरवलेल्या ग्रंथांचा माग इतरांच्या अवतरणांतून काढणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ओळखीचे वाटावे.

भास्कराचार्यांचे एक उदाहरण पाहा. वानरांच्या कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली; एक फांदीवर दिसले. एकूण किती? उत्तरे दोन येतात : ५० आणि ५. पण पाचाचा पंचमांश एक. त्यातून तीन गेले की उरते उणे दोन. गणित चुकलेले नाही, तरी भास्कराचार्य पाच हे उत्तर नाकारतात. ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, हे त्यांचे कारण. सूत्र जे देते आणि अर्थ जे स्वीकारतो, यांतले अंतर १२ व्या शतकातील या ग्रंथकाराने लपवले नाही.

‘बीजगणित’ १९३० मध्ये पुण्याच्या आनंदाश्रमाने कृष्ण दैवज्ञाच्या टीकेसह छापले. ज्या ग्रंथमालेत आपण काव्य आणि दर्शने शोधतो, तिच्यातच ते आहे. पाटणचा लेख मात्र आपण अजून अर्धाच वाचतो. गणिताचे विद्यार्थी दुसरा अर्धा वाचत असतील, तर मधले पद कोणी नाहीसे केले, हे आपणच आपल्याला विचारावे.