लेखकाचा वाचकशोध : मराठी लेखन-व्यवसायाची परंपरा आणि तळोदा परिसर

प्रस्तावना

लेखकाने आपल्या पुस्तकाचा प्रसार स्वतः करावा काय, हा प्रश्न मराठीत आजही संकोचाने विचारला जातो. साहित्य ही साधना व विक्री हा व्यापार, अशी विभागणी रूढ आहे. मराठी साहित्याचा इतिहास या विभागणीस दुजोरा देत नाही. तळोदा हे सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेस वसलेले तालुक्याचे गाव असून तालुक्यातील बहुसंख्य लोक आदिवासी आहेत. पुणे-मुंबईच्या प्रकाशनकेंद्रांपासून दूर असलेल्या अशा परिसरातील लेखकाने वाचक कोठे शोधावा, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत निबंधात या परंपरेचा विचार केला आहे.

नियतकालिक : वाचक घडविण्याचे साधन

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली. तिचे ८४ अंक निघाले. सरकारी शाळेतील नोकरी सोडून त्यांनी छापखाना, चित्रशाळा व पुस्तकविक्रीचा ‘किताबखाना’ या उद्योगांत लक्ष घातले. लेखन, मुद्रण व विक्री या तिन्ही गोष्टी लेखकाच्या हाती असाव्यात, ही दृष्टी त्यामागे दिसते. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध केली. पुढील प्रकरणाची वाट पाहणारा वाचक पुस्तक निघण्यापूर्वीच तयार झाला. तरीही आपटे यांच्याकडे पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था होती, हे विसरता येत नाही. लोकप्रिय कादंबरीकारालाही लेखनाबाहेरच्या कामाचा आधार होता. १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ मासिक सुरू करणाऱ्या का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दृढ होत गेलेल्या या प्रथेने मराठी लेखकास दरवर्षी निश्चित व्यासपीठ मिळवून दिले.

खानदेशातील दोन मार्ग

खानदेशात याच प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे आढळतात. साने गुरुजींनी अमळनेर येथे शिक्षक असताना १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. त्यांचा पहिला वाचक वर्गात व वसतिगृहात त्यांच्यासमोर बसलेला होता. १९३३ मध्ये नाशिकच्या कारागृहात लिहिलेली ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखकाचे वाचकांशी नाते आधीच जुळलेले होते. बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण याच्या उलट आहे. त्यांचे निधन १९५१ मध्ये झाले आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती १९५२ मध्ये. पुत्र सोपानदेव चौधरी हे कवी होते व आचार्य अत्रे यांनी त्या कवितेचे मोल ओळखले, म्हणून ती वाचली. असा दुवा ज्यांना लाभला नाही, अशा किती रचना विस्मृतीत गेल्या असतील, हा प्रश्न येथे अटळ ठरतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी

तळोद्याच्या शेजारील शहादा तालुक्यात १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. वाहरू सोनवणे हे या चळवळीतील कार्यकर्ते व कवी. त्यांनी भिली व मराठी या दोन्ही भाषांत कविता लिहिल्या. त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९० मध्ये पालघर येथील आदिवासी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. चिपळूणकरांना जे स्थान नियतकालिकाने दिले, ते येथे संघटनेने व संमेलनाने दिले. आदिवासींविषयी इतरांनीच व्यासपीठावरून बोलावे काय, हा त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेतील प्रश्न लेखकाच्या प्रसिद्धीशीही निगडित आहे. प्रसिद्धी म्हणजे येथे आत्मप्रौढी नव्हे, तर स्वतःच्या वतीने स्वतः बोलण्याचा हक्क होय.

अडचण भाषेची आहे. मराठीत लिहिल्यास वाचक वाढतो. मातृभाषेत लिहिल्यास वाचक आपला असतो, पण तो विखुरलेला व पुष्कळदा श्रोताच असतो. बडोद्याच्या ‘भाषा’ संस्थेच्या ‘ढोल’ या नियतकालिकाने देहवालीसह अनेक आदिवासी भाषांना छापील रूप दिले, ही या दिशेने महत्त्वाची घटना होय.

संस्थात्मक आधार

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमामुळे गावोगावच्या ग्रंथालयांस अनुदान मिळू लागले व ती मराठी पुस्तकांची मोठी ग्राहक बनली. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकास अनुदान देते. १९७० च्या दशकात ‘ग्रंथाली’ने वाचकांनाच सभासद करून घेतले, दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) व लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) ही पुस्तके या वाचक चळवळीतून आली.

निष्कर्ष

१) मराठीत टिकलेल्या अनेक लेखकांनी पुस्तकापूर्वी वाचकसमूह उभा केला, साधन मात्र काळानुसार बदलले.

२) केवळ लेखनावर उपजीविका हा अपवाद राहिला आहे. नोकरी, संस्था वा चळवळ यांचा आधार घेणे हे लेखकाचे अपयश मानता येत नाही.

३) विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनंतर प्राध्यापकांच्या पुस्तकांना गुण मिळू लागले. गुण मिळतात म्हणून वाचक मिळतो असे नाही. तळोद्यासारख्या ठिकाणी महाविद्यालयाचे वार्षिक नियतकालिक, ग्रंथालय व कविसंमेलन विद्यार्थ्यांच्या मातृभाषेस खुले झाले, तर पुढील लेखकास त्याचा पहिला वाचक तेथेच लाभेल.