लिहिता हात: शाळेतील डावखुऱ्या मुलांचा इतिहास

मूल पाटी-पेन्सिल हातात धरते त्याच्या पुष्कळ आधी त्याचा हात ठरू लागलेला असतो. बेलफास्टमध्ये संशोधक पीटर हेपर यांनी सोनोग्राफीत पोटातल्या बाळांचे अंगठा चोखणे पाहिले आणि त्यांपैकी ७५ मुले दहा-बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. उजवा अंगठा चोखणारी ६० च्या ६० मुले उजव्या हाताची निघाली. डावा चोखणाऱ्या १५ जणांपैकी १० डावखुरी होती. दोन ते चार वर्षांच्या दरम्यान चमचा, चेंडू, खडू कोणत्या हातात जातो हे घरच्यांनाही दिसू लागते. आज साधारण दहा माणसांमागे एक डावखुरे असते. पण १९०० च्या आसपास जन्मलेल्या इंग्रज आणि अमेरिकन पिढीत डाव्या हाताने लिहिणारे जेमतेम तीन-चार टक्के होते. उरलेल्यांचा डावा हात कुठे गेला, याचे उत्तर त्यांच्या वर्गात, बाकावर आणि दौतीत सापडते.

महाराष्ट्रात ही गोष्ट सरकारी शाळांच्याही आधी सुरू होते. पंतोजींच्या शाळेत मूल प्रथम धूळपाटीवर अक्षरे गिरवी. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे आणि फळी हलवून पुन्हा कोरी करायची. हात बसला की बोरू, काजळीची शाई आणि कागद. देवनागरी असो वा मोडी, ओळ डावीकडून उजवीकडे जाते. त्यामुळे डाव्या हाताचे मनगट नुकत्याच काढलेल्या अक्षरावरूनच पुढे सरकते. धुळीत अक्षर मोडते, ओल्या शाईत ते फासले जाते. मात्र अडचण एवढीच असती तर मनगट थोडे खाली धरून ती निभावली असती. खरा अडसर सोवळ्याओवळ्याचा होता. जेवण, नैवेद्य, दान, देवघेव सगळे उजव्या हाताने, आणि डावा हात शौचाचा. अक्षर म्हणजे सरस्वती, दसऱ्याला पाटीची पूजा होते. अशा पाटीवर डाव्या हाताने ‘श्री’ काढणे घरातच खपत नसे. पंतोजींनी छडी उचलण्याआधीच घरातली वडीलधारी मंडळी लेखणी या हातातून त्या हातात देऊन मोकळी होत. सक्ती मायेने केलेली असली तरी ती सक्तीच होती.

इंग्लंडमध्ये सक्तीला वेगळे बळ मिळाले. १८६२ पासून सुमारे ३५ वर्षे प्राथमिक शाळांचे अनुदान तपासनिसाने घेतलेल्या वाचन, लेखन आणि अंकगणिताच्या परीक्षेवर अवलंबून होते. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर वर्ग मुलांनी भरून गेले. अशा वर्गात सगळ्यांच्या पाट्या एका रेषेत आणि सगळ्यांचे हात एकाच दिशेने हलणे ही शिस्तीची खूण मानली गेली. अमेरिकेत ऑस्टिन पामर यांची हस्ताक्षरपद्धत पसरली. तीत मुलांना हुकमावर, तालात, संपूर्ण हात फिरवून गोल आणि तिरक्या रेघा काढाव्या लागत. अशा कवायतीत उलट्या हाताचे मूल दुरूनही उठून दिसे.

त्यात भर पडली बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून निघालेल्या पोलादी निबांची. अशी निब बसवलेल्या लेखणीला मराठी शाळेत टाक म्हणत. निबाला मधोमध चीर असते. उजव्या हाताने लिहिताना निब कागदावरून ओढली जाते, दोन्ही पाती किंचित फाकतात आणि शाई सरळ उतरते. डाव्या हाताने तीच ओळ लिहिताना निब पुढे ढकलावी लागते. मग तिचे टोक कागदाच्या तंतूंत अडकते, सुटताना शाई उडते आणि वहीवर शिंतोडे पडतात. शिवाय बाकातली दौत बहुधा उजव्या कोपऱ्यात असे, म्हणजे प्रत्येक बुडवणीला डावा हात वहीवरून आडवा न्यायचा. घाणेरड्या वहीची शिक्षा मुलाला होई. दोष टाकाचा आणि बाकाचा आहे, हे कोणाच्या मनात येत नसे. बोटांच्या पेरांवर पट्टी मारणे, डावा हात पाठीमागे बांधणे हे प्रकार त्या काळच्या आठवणींत पुनःपुन्हा येतात. टाक-दौत मुंबई इलाख्यातील शाळांतही आली आणि तिथे तिला आधीच्या विटाळाच्या कल्पनेची जोड मिळाली.

डावा हात सुंदर लिहू शकतो याचा पुरावा तोवर जगासमोर होता. अमेरिकेतील यादवी युद्धात उजवा हात गमावलेल्या सैनिकांसाठी न्यूयॉर्कचे संपादक विल्यम ओलंड बोर्न यांनी १८६५ मध्ये डाव्या हाताच्या हस्ताक्षराची स्पर्धा जाहीर केली. सैनिकांनी पाठवलेले कितीतरी कागद वळणदार, डागविरहित होते. ज्यांचा डावा हात जन्मापासून दुय्यम होता अशी प्रौढ माणसे हे शिकली. शाळेने यातून एवढाच अर्थ घेतला असता की हात शिकवता येतो, तर डावखुऱ्या मुलालाही त्याच्या हाताने शिकवले गेले असते.

घडले उलटेच. विद्वानांनी डावखुरेपणाला दोषाचे नाव दिले. इटलीचे चेझारे लोंब्रोसो यांनी १९०३ मध्ये त्याचा संबंध गुन्हेगारी आणि मागासलेपणाशी जोडला. इंग्रज मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांनी १९३७ च्या आपल्या ग्रंथात डावखुऱ्या मुलांचे वर्णन अडखळणारी, धडपडणारी आणि हट्टी असे केले. १९४६ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ एब्रम ब्लाउ यांनी डावखुरेपणा हा बालपणीच्या नकारवृत्तीचा परिणाम ठरवला. या लिखाणाने शिक्षकाच्या पट्टीला शास्त्राचा आधार मिळाला, आणि या इतिहासातला सर्वांत खेदाचा भाग हाच आहे.

शंका मात्र शाळेच्या आतूनच उठली होती. लंडनचे शाळा-तपासनीस फिलिप बॅलर्ड यांनी १९१२ मध्ये दाखवले की हात बदलायला लावलेल्या मुलांत तोतरेपणा अधिक आढळतो. १९२० च्या दशकात आयोवामध्ये सॅम्युएल ऑर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दिशेने मांडणी केली: मेंदूच्या दोन अर्धांपैकी कोणाचा अंमल चालायचा हे हात बदलल्याने विस्कटते आणि वाणी अडखळते. पुढच्या संशोधनात हा सिद्धांत त्या सरळ रूपात टिकला नाही. तरीही पालक आणि शिक्षक सक्ती करताना कचरू लागले, हे त्याचे मोठे काम. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज (जन्म १८९५) मूळचा डावखुरा होता, त्याला उजव्या हाताने लिहायला लावले गेले आणि तो आयुष्यभर तोतरेपणाशी झगडला. हे उदाहरण सगळीकडे दिले जाते. एकट्या माणसावरून कारण सिद्ध होत नाही, पण सक्ती राजवाड्यालाही चुकली नव्हती एवढे त्यावरून नक्की कळते.

दुसऱ्या महायुद्धानंतर वारे फिरले. स्कॉटलंडच्या मार्गारेट क्लार्क यांनी १९५९ मध्ये डावखुऱ्या मुलांना लिहायला कसे शिकवावे यावर शिक्षकांसाठी पुस्तक लिहिले. हात बदलण्याऐवजी कागद, बैठक आणि पकड बदला, असा त्याचा रोख होता. दरम्यान बॉलपेन आले. त्याच्या टोकाची गोळी ओढली काय नि ढकलली काय, सारखीच फिरते, आणि शाई लवकर वाळते. फ्रान्समध्ये शाळेत बॉलपेन वापरायला १९६५ मध्ये अधिकृत परवानगी मिळाली. शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या पाश्चात्त्य पिढ्यांत डाव्या हाताने लिहिणारे दहा टक्क्यांच्या पुढे गेले. तैवानमध्ये मात्र १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत डाव्या हाताने लिहिणारे एक टक्काही निघाले नाहीत. तिथे घर आणि शाळा दोन्हीकडून दाब कायम होता.

हात बदललेल्या मुलांचे पुढे काय होते, यावर २००२ मध्ये जर्मन संशोधकांनी प्रकाश टाकला. लहानपणी उजव्या हातावर आणलेली माणसे प्रौढपणी लिहीत असताना त्यांच्या मेंदूचे चित्रण केले, तेव्हा उजव्या अर्धातही, म्हणजे डावा हात चालवणाऱ्या मूळच्या बाजूला, उजव्या हाताच्या माणसांपेक्षा अधिक हालचाल दिसली. इतकी वर्षे उजव्या हाताने लिहूनही जन्माचा कल पुसला गेला नव्हता.

हा कल कामागणिक वेगळाही असतो. सचिन तेंडुलकर उजव्या हाताने फलंदाजी करत असे आणि सही डाव्या हाताने करतो. म्हणून जाणते शिक्षक एकाच कामावरून मुलाचा हात ठरवत नाहीत. मूल दोन्ही हात वापरत असेल तर घाई न करता खडू त्याच्या मधोमध ठेवतात आणि काही आठवडे पाहतात. हात डावा ठरला, तर वही अंगाच्या डाव्या बाजूला सरकवून उजवीकडे किंचित तिरकी करतात, पेन्सिल टोकापासून थोडी वर धरायला लावतात, म्हणजे मनगट ओळीच्या खाली राहते आणि लिहिलेले अक्षर दिसते. बाकावर अशा मुलाला डाव्या टोकाला बसवले तर शेजाऱ्याचे कोपर लागत नाही. देवनागरीत आणखी एक गोष्ट आहे: शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढणे बऱ्याच डावखुऱ्या मुलांना सोपे जाते, आणि रेघ सरळ येत असेल तर ती मोडून काढण्याचे कारण नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली, त्यामुळे पेरांवरची पट्टी आता बेकायदा आहे. घरात ताटावर बसलेल्या मुलाला ‘त्या हाताने नको’ असे अजून सांगितले जाते. पाटीवर ते सांगणाऱ्यांची संख्या घटली आहे.