ग्रामनामांतील लेखनचिन्हे : ‘चांदूर बाजार’च्या निमित्ताने

इंग्रजी ग्रामनामांत स्वामित्वदर्शक सकारापूर्वी लोपचिन्ह लिहावे की न लिहावे, हा वाद जुना आहे. अमेरिकेच्या भौगोलिक नाममंडळाने १८९० पासून हे चिन्ह सामान्यतः वर्ज्य मानले. ‘मार्थाज व्हिनयार्ड’ या बेटाच्या नावात ते १९३३ मध्ये पुन्हा आले. पण असे अपवाद मोजकेच. मराठी ग्रामनामांत हे चिन्ह नाही. तथापि कानास ऐकू न येणारी व्याकरणाची खूण नावाच्या लेखनात राखावी काय, हा त्यामागील प्रश्न मराठीपुढेही उभा राहिला होता. वऱ्हाडातील एका नावाच्या आधारे त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

मराठीत दोन पदांचा समास झाला की षष्ठीचा प्रत्यय लोपतो आणि मागे कोणतीही खूण उरत नाही. ‘रामटेक’ या नावात ‘रामाचा’ मधील प्रत्यय दाखविण्याची गरज कोणास भासली नाही. ‘चांदूर बाजार’ची रचना याहून निराळी आहे. येथे ‘चांदूरचा बाजार’ असा अर्थ नसून ‘बाजाराचे चांदूर’ असा आहे. विशेषक पद नावामागून आले आहे. याच तालुक्यातील शिरजगाव कसबा, ब्राह्मणवाडा थडी, तळेगाव मोहना ही नावे याच घडणीची होत.

या विशेषक पदांस कारण आहे. अमरावतीच्या उत्तरेस चांदूर बाजार आणि आग्नेयेस चांदूर रेल्वे, ही एकाच जिल्ह्यातील दोन तालुक्यांची ठिकाणे. बुलढाणा जिल्ह्यात नांदुऱ्यानजीक चांदूर बिस्वा हे तिसरे. यांपैकी ‘रेल्वे’ हे पद उघडच अर्वाचीन आहे. मुंबईकडून येणारा लोहमार्ग नागपूरला पोहोचला तो १८६७ साली.

आता अनुस्वाराकडे वळू. पूर्वी ‘पुणें’, ‘ठाणें’ असे लिहीत. हा शीर्षबिंदू नपुंसकलिंगी एकवचनाची खूण होता. कोकणातील काही बोलींत तो अनुनासिक उच्चार आजही ऐकू येतो. प्रमाण उच्चारात मात्र तो राहिला नव्हता. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, तेव्हा असे अनुच्चारित अनुस्वार गेले. भाषेच्या अभ्यासकाचा एक पुरावा नित्याच्या लेखनातून नाहीसा झाला, ही हानी खरी. परंतु ‘पुणे’ असे लिहिल्याने गाव ओळखण्यात कोणाची चूक झाली नाही.

‘चांदूर’वरील अनुस्वाराची गोष्ट वेगळी आहे. तेथे दकारापूर्वीचा नकार स्पष्ट ऐकू येतो. म्हणून तो राहिला, व राहिलाच पाहिजे. उपान्त्य ऊकार दीर्घ, आणि ‘चांदुरास’ या सामान्यरूपात तो ऱ्हस्व, हेही मराठीच्या प्रकृतीस धरूनच आहे.

येथवर उच्चार हीच कसोटी पुरेशी वाटेल. पण ‘बाजार’ हे पद तिला अपवाद ठरते. तालुक्यातील माणूस बोलताना बहुधा नुसते ‘चांदूर’ म्हणतो. ऐकणाऱ्यास कोणते ते ठाऊक असते. लिहिलेले नाव मात्र गावाबाहेर जाते. सातबाऱ्यावर, दाखल्यावर किंवा पत्राच्या पत्त्यावर ‘बाजार’ गळाले, तर जिल्हा तोच राहूनही तालुका बदलण्याचा संभव असतो. ‘चांदूरबाजार’ असे जोडून लिहिल्याने माणसाचे फारसे अडत नाही. परंतु संगणकाच्या यादीत जोडलेले व सुटे रूप ही दोन भिन्न नावे ठरू शकतात.

तात्पर्य, ग्रामनामाच्या लेखनास दोन कसोट्या लावणे इष्ट होय : चिन्ह उच्चार दाखविते काय, आणि ते एक गाव दुसऱ्यापासून वेगळे करते काय. दोन्हींस न उतरणारे चिन्ह व्याकरणाच्या इतिहासग्रंथात सुरक्षित ठेवावे. गावाच्या पाटीवर त्याचे प्रयोजन नाही. यांपैकी एका कसोटीस जरी ते उतरले, तरी ते सोडू नये. या न्यायाने ‘चांदूर बाजार’ हे नाव दोन सुट्या पदांत, संयोगचिन्हाविना आणि ‘बाजार’सह पूर्ण लिहिणे हेच युक्त होय.