तारवटी, कूड आणि विम्याचा हप्ता

विमा हा शब्द मराठीत फारसीतून आला. फारसीत ‘बीम’ म्हणजे भीती. पोर्तुगीज भाषेत विम्याला ‘सेगुरू’ म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ सुरक्षित, खात्रीचा. आम्हा गोव्यातल्या लोकांच्या कानांवरून हे दोन्ही शब्द गेलेले आहेत. एकाच कागदाला एका भाषेने भीतीचे नाव दिले आणि दुसरीने निर्धास्तपणाचे. घर सोडून दूर गेलेल्या माणसाच्या मनात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नांदतात, असे मला नेहमी वाटते.

मी सरकारी कचेरीतला कारकून. दाखले, उतारे आणि नावांच्या दुरुस्त्या यांत माझा दिवस जातो. समोर येणाऱ्यांत परदेशी गेलेल्यांचे आईवडील, बायका आणि कधीकधी विधवाही असतात. त्यांचे कागद हाताळता हाताळता एक प्रश्न डोक्यात राहिला. गोवा हा पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जाणाऱ्यांचा प्रदेश. मग या बाहेर गेलेल्या माणसाच्या जिवाची आणि आजारपणाची जोखीम आजवर कोणी उचलली?

जोखीम वाटून घेण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. पश्चिम भारतातल्या व्यापाऱ्यांत ‘जोखमी हुंडी’ चालत असे. माल गलबतावर चढवायचा आणि त्यावर हुंडी काढायची. माल बंदरात पोचला तर हुंडीचे पैसे द्यायचे, वाटेत बुडाला तर हुंडीही बुडाली. म्हणजे हुंडी आणि सागरी विमा एकाच कागदात. पण हा विमा मालाचा होता. त्याच गलबतावरच्या खलाशाचे काय झाले, हे त्या कागदात कुठेच येत नसे.

माणसाच्या आयुष्याचा विमा भारतात सुरू झाला तो कलकत्त्यात, १८१८ साली, ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनीपासून. ती काढली युरोपीय लोकांनी आणि मुख्यतः इथे राहणाऱ्या युरोपीयांच्या विधवा-मुलांसाठी. त्याआधी १७७० मध्ये ‘लॉर्ड क्लाइव्ह फंड’ सुरू झाला होता. मीर जाफरने क्लाइव्हसाठी मागे ठेवलेल्या पाच लाख रुपयांतून उभा राहिलेला हा निधी कंपनी सरकारच्या जायबंदी सैनिकांसाठी आणि विधवांसाठी होता. आता गंमत बघा. भारतातला पहिला आयुर्विमा हा परदेशात नोकरीला गेलेल्यांचा विमा होता, आणि तो परदेश म्हणजे आपला देश! इथला ताप, पटकी, पावसाळा यांची त्यांना धास्ती होती. तिकडच्या विमा कंपन्या युरोपची हद्द ओलांडणाऱ्याकडून जादा हप्ता घेत आणि परवानगीशिवाय हद्द ओलांडली तर पॉलिसी रद्दही होत असे. पुढे १८४६ मध्ये एडिंबरा शहरात कलोनियल लाइफ नावाची कंपनी निघाली, ती वसाहतींत राहणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच.

कलकत्त्याची ओरिएंटल १८३४ मध्ये बुडाली. पुढे बाबू मोतीलाल सील यांच्यासारख्या लोकांनी प्रयत्न केले तेव्हा परदेशी कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवू लागल्या, पण हिंदी जीव म्हणजे कमी प्रतीचा, असे समजून त्यांच्याकडून भारी जादा हप्ता घेत. साहेब आपल्या देशात आला म्हणून जादा हप्ता भरायचा हे एकवेळ समजता येईल. आपण आपल्याच देशात जन्मलो म्हणून जादा भरायचा, हे मात्र अजब होते. १८७० मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल लाइफ अ‍ॅशुरन्स सोसायटी स्थापन झाली आणि हिंदी माणसाला सर्वसाधारण दराने विमा मिळू लागला.

याच मुंबईत त्या काळात आपला गोंयकार आगबोटीतून उतरत होता. कोणी स्वयंपाकी, कोणी बटलर, कोणी बँडवाला आणि फार मोठ्या संख्येने तारवटी, म्हणजे पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया यांसारख्या कंपन्यांच्या बोटींवर काम करणारे. विमा कंपनीला हवा असतो नियमित पगार, कायमचा पत्ता आणि जन्माचा पुरावा. तारवट्याला बोट मिळाली तर पगार, नाही तर महिनोन्‌महिने वाट बघणे. त्याच्या दारात विमा एजंट कशाला येणार?

मग या लोकांनी स्वतःची सोय स्वतः केली. तीच कूड. मुंबईच्या धोबीतलाव परिसरात, जेर महाल इमारतीत आणि आसपास, गावोगावच्या कुडी उभ्या राहिल्या. ज्या गावची कूड त्या गावचा माणूस सभासद. महिन्याला थोडी वर्गणी, भिंतीला टेकवलेली पेटी, झोपण्यापुरती जागा, संध्याकाळी वेदीपुढे रोझरी आणि गावच्या फेस्ताच्या दिवशी तिथेही फेस्त. आपण कुडीकडे स्वस्त निवारा म्हणून बघतो, पण अनेक कुडी त्याहून अधिक काही करत. सभासद आजारी पडला तर त्याच्याकडे बघणारे कोणीतरी असे आणि तो वारला तर त्याचे क्रियाकर्म बेवारशासारखे होत नसे. वर्गणी, सभासदांची यादी आणि संकटात मदत ही तीन अंगे एकत्र आली की तो विमाच, मग त्यावर शिक्का असो वा नसो.

गोव्यातल्या हिंदूंनीही मुंबईत अशीच हातमिळवणी केली. १९१९ मध्ये धि गोवा हिंदु असोसिएशन स्थापन झाली. आज ती नाटकांमुळे आठवते, पण तिच्या मुळाशी परमुलखात आपल्या माणसाला आधार देण्याचीच भावना होती.

कुडीची मर्यादाही सांगायला हवी. विम्याचे गणित पुष्कळ आणि वेगवेगळ्या लोकांवर चालते. शंभरातल्या दोघांवर संकट येते, बाकीच्या अठ्ठ्याण्णवांच्या वर्गणीतून ते निभावते. कुडीत सगळे एका गावचे आणि बरेचसे एका धंद्याचे. बोटींची भरती थांबली की सगळेच बेकार, आणि साथ आली की एका खोलीत सगळेच आडवे. शिवाय तारवट्यामागे राहिलेल्या विधवेला पुढची वीस वर्षे पोसणे कुडीच्या आवाक्यात कधीच नव्हते. कुडीने माणसाला मातीपर्यंत सन्मानाने पोचवले, त्याच्या घरची चूल पेटती ठेवणे तिला शक्य नव्हते.

१ सप्टेंबर १९५६ रोजी भारतातल्या आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. २४५ कंपन्या आणि भविष्यनिर्वाह संस्था एकत्र होऊन आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता. १९६१ नंतर महामंडळाची पॉलिसी आपल्या घराघरांत आली. माझ्या लहानपणी, नव्वदीच्या दशकात, मे महिना म्हणजे आखातवाल्यांच्या सुट्टीचा महिना. त्यांच्या मागोमाग वाड्यावर एजंट यायचा. पंख्याखाली बसून चहा घ्यायचा, अर्ज भरायचा आणि आईचे नाव नामनिर्देशनात लिहून निघून जायचा. हे आईचे नाव लक्षात ठेवा, त्याकडे पुढे यायचे आहे.

आखातातला गोंयकार आणि रुपया यांचे एक नाते आज फारसे कोणाला आठवत नाही. एके काळी कुवेत, बहारीन, दुबई इथे भारतीय रुपयाच चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, त्यांना आखाती रुपया म्हणत. १९६१ मध्ये कुवेतने आणि १९६५ मध्ये बहारीनने स्वतःचा दिनार आणला. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. परदेशात राहून विमा घेणाऱ्यासाठी यात मोठा धडा आहे. कमाई एका चलनात, विमा दुसऱ्यात आणि खर्च कुठे होणार ते ठाऊक नाही. साठीच्या दशकात दहा हजारांची पॉलिसी म्हणजे घर बांधण्याची रक्कम वाटे. ती हातात आली तेव्हा त्यात घराचे दारही आले नसते. विमा रक्कम ठरवताना कुटुंब पुढे कुठे राहणार आणि कोणत्या चलनात जगणार, हे आधी विचारावे लागते.

दुसरा धडा १९९० चा. २ ऑगस्टला इराकने कुवेत घेतले. एअर इंडियाने सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना तिथून बाहेर काढले, त्यांत आपले गोंयकारही होते. नोकरी गेली, पगार गेला आणि नोकरीबरोबरचे विम्याचे छत्रही गेले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाने अनेकांना पैसे दिले, पण त्यात वर्षे गेली. कंपनीने दिलेला विमा हा कंपनी उभी असेपर्यंतचाच, हे त्या ऑगस्टने दाखवून दिले.

त्यानंतर बरेच बदलले. २००३ मध्ये भारत सरकारने प्रवासी भारतीय बीमा योजना आणली. २०१७ पासून तीत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाखांचे संरक्षण आहे आणि हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये, अधिक कर, असा ठरला. पण तिची सक्ती आहे ती उत्प्रवासन तपासणी लागणाऱ्या पासपोर्टावर ठराविक देशांत जाणाऱ्यांना. दहावी उत्तीर्ण झालेला या तपासणीतून सुटतो, आणि आपल्याकडचे बहुतेक जण दहावी झालेले. त्यामुळे ही योजना आपल्या घरांना परकीच राहिली. आखाती देशांनीही परदेशी कामगारांचा आरोग्य विमा मालकावर बंधनकारक केला. सौदी अरेबियाने १९९९ मध्ये तसा कायदा केला, अबुधाबीत २००६ पासून आणि दुबईत २०१४ पासून टप्प्याटप्प्याने हे लागू झाले, आणि १ जानेवारी २०२५ पासून अमिरातीतल्या उरलेल्या भागातही. बोटींवरच्यांसाठी २००६ चा सागरी कामगार करार आहे, तो २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. बोटीवर असताना आजारपणाचा आणि दुखापतीचा खर्च मालकाने करायचा, असे तो सांगतो.

एवढे सगळे असताना काळजी कसली, असे कोणी विचारील. काळजी अशी की हे सारे संरक्षण कराराला चिकटलेले आहे, माणसाला नाही. करार संपला, विमानातून दाबोळीला किंवा मोपाला उतरला, की छत्र मागेच राहते. आमच्या वाड्यावरचा एक गृहस्थ सव्वीस वर्षे आखातात राहिला. तिथे त्याला औषधाचा पैसाही खिशातून द्यावा लागला नाही. छप्पन्नाव्या वर्षी मधुमेह आणि रक्तदाब घेऊन परतला आणि इथे आरोग्य विमा घ्यायला गेला. एका कंपनीने नकार दिला, दुसरीने हप्ता वाढवून आधीच्या आजारांना तीन वर्षे थांबायला सांगितले. दीड वर्षात हृदयाची शस्त्रक्रिया झाली. एक भाट विकले गेले. नियमाने कोणीच चुकले नव्हते, म्हणून भांडायलाही कोणी नव्हते.

भारतात मेडिक्लेम १९८६ मध्ये आला, पण परदेशस्थाला वाटते की तिकडे फुकट असताना इकडे कशाला भरायचे. उत्तर एवढेच की आरोग्य विमा निरोगीपणीच स्वस्त आणि सोपा मिळतो. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते, आणि पॉलिसी सलग पाच वर्षे चालली की, लबाडी सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याचे कारण काढून दावा नाकारता येत नाही. ही वर्षे परदेशात असतानाच मोजून संपवता येतात. चाळिशीत छोटी पॉलिसी घेऊन ती न तोडता चालवली तर परतण्याच्या दिवशी ती पिकलेली असते. आपल्या अशा बहुतेक पॉलिसी भारतातल्या उपचारांपुरत्याच असतात, म्हणजे दोन्ही छत्र्या वेगवेगळ्या पावसासाठी आहेत.

पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडला गेलेल्यांची कथा आणखी वेगळी. युरोपीय नागरिक म्हणून तिथली सरकारी आरोग्यसेवा त्यांना सहज मिळत असे. २०२१ पासून नव्याने जाणाऱ्यांना व्हिसा लागतो, आणि सहा महिन्यांहून अधिक काळाच्या व्हिसाला बहुतेकांना आरोग्य अधिभारही. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांना वर्षाला १०३५ पौंड आहे. तिथली सेवा तिथेच, ती सुट्टीत मडगावला बरोबर येत नाही.

आता ते आईचे नाव. अविवाहित असताना घेतलेल्या पॉलिसीत आई नामनिर्देशित. पुढे लग्न झाले, मुले झाली, आई वारली, नाव तसेच. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नामनिर्देशित असतील तर पैशांवर त्यांचाच हक्क मानला जातो. ते नाव हयात नसेल तर वारस ठरवण्याचे दस्त करत बसावे लागते. त्यात आपल्याकडचे जुने दुखणे म्हणजे नावे. पोर्तुगीज काळातल्या नोंदवहीत एक स्पेलिंग, पासपोर्टात दुसरे, पॉलिसीत तिसरे. नवरा परदेशी वारला, दूतावासाचे कागद आले आणि एका अक्षरासाठी बाई खिडकीपुढे उभी, हे मी माझ्या नोकरीत पाहिले आहे. खिडकीच्या आतून दुरुस्तीचा अर्ज पुढे सरकवण्यापलीकडे कारकुनाच्या हातात फार काही नसते.

कुडीत विम्याची कोष्टके नव्हती, पण एक गोष्ट पक्की होती. कोण कुठल्या बोटीवर गेला, त्याचे घर कोणाचे आणि काही झाले तर कळवायचे कोणाला, हे तिथे माहीत असे. आजच्या पॉलिसी मोठ्या रकमेच्या आहेत, पण त्या कुठल्या कपाटात आहेत हे पुष्कळ घरांत एकट्या परदेशी गेलेल्यालाच ठाऊक असते. यंदा सुट्टीत तो आला की त्याला शेजारी बसवून पॉलिसींची यादी करून घ्या, नामनिर्देशन तपासा, पासपोर्ट आणि जन्मदाखल्यातली नावे जुळवून बघा. नावात फरक असेल तर तो जिवंत आणि समोर असताना दुरुस्त करणे दोन-चार हेलपाट्यांचे काम आहे. नंतर तेच काम विधवेला वर्षभर पुरते.