आरमाराची फळी आणि रयतेचा आंबा

कुरआनात हजरत नूह (अलैहिस्सलाम) यांच्या नौकेचा उल्लेख फळ्या आणि खिळ्यांची नौका असा येतो. लाकूड कोणते, ते तिथे सांगितलेले नाही. नाव बांधणाऱ्याला मात्र पहिला प्रश्न तोच पडतो.

युरोप-अमेरिकेत लहान होडीच्या फळ्यांना पाइन चालते. पुण्याच्या टिंबर मार्केटमध्येही आज पाइन मिळते. पण कोकणात पहिला मान सागाचा. सागात नैसर्गिक तेल असते, म्हणून तो पाण्यात लवकर कुजत नाही, फारसा फुगत-आकसत नाही आणि लोखंडी खिळाही खराब करत नाही. साग परवडला नाही तर आंबा आणि फणस.

शिवाजी महाराजांच्या आरमाराला अशा फळ्यांची सतत गरज होती. १६७९ मध्ये मायनाक भंडारींनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी जहाजे आणून बेटाची वाट अडवली, तरी मराठ्यांच्या लहान होड्या रात्री रसद पोहोचवत राहिल्या. ऑक्टोबरात दौलतखानाने आरमार घेऊन चाल केली आणि इंग्रजांचे 'डव्ह' हे गुराब मराठ्यांच्या हाती लागले. पुढे जंजिऱ्याचा सिद्दी इंग्रजांच्या बाजूने उतरला. म्हणजे मुसलमान दोन्हीकडे होते. या लढाईला धर्मयुद्ध म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

इतकी निकड असताना लाकूड आणायचे कुठून? रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात याचे उत्तर आहे. सागासारखी झाडे राज्यातल्या अरण्यातून परवानगीने तोडावीत, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसही आरमाराच्या कामाचे, पण त्यांना हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावे. जबरदस्ती करू नये.

असा नियम लिहावा लागला, याचा अर्थ जबरदस्ती होत असणार. पण तो लिहिला गेला, हेही खरे.

आपण ज्याला हुकूक-उल-इबाद म्हणतो, बंद्यांचे एकमेकांवरचे हक्क, ते हेच. पुण्यात रस्त्यासाठी एखादे जुने झाड पडते तेव्हा मी विचारतो: ज्याने ते वाढवले, त्याला कोणी विचारले होते का?