रद्दीतली रेल्वे

सोलापूरहून अक्कलकोटला जाताना वाटेत वळसंग लागते. तेथून होटगी जंक्शन फार दूर नाही. १८८४ साली होटगी-गदग हा मीटरगेज मार्ग सुरू झाला. तेव्हा मुंबईहून विजापूरचा गोल घुमट पाहायला निघालेला प्रवासी होटगीला मोठ्या गाडीतून उतरे आणि छोट्या गाडीत बसे. आता तो मार्गही ब्रॉडगेज झाला आहे. जुने रूळ गेले, डबे भंगारात निघाले. त्या प्रवासाच्या खुणा उरल्या आहेत त्या कागदावर: वेळापत्रके, माहितीपत्रके आणि प्रवासाची गोडी लावण्यासाठी रेल्वे कंपन्यांनी छापलेल्या सचित्र पुस्तिका. असे कागद जमवणारे हौशी लोक जगभर आहेत. पण हा छंद इतिहासाच्या शिक्षकालाही उपयोगी पडेल असा आहे.

रेल्वेला जाहिरात का करावी लागली? १९३० च्या दशकात जागतिक मंदी आली होती आणि मोटारी रेल्वेचे प्रवासी पळवू लागल्या होत्या. परदेशी पाहुणे आणि सुखवस्तू प्रवासी हवे होते. त्यासाठी सरकारी रेल्वेने लंडन व न्यूयॉर्क येथेही कचेऱ्या उघडल्या. ताजमहाल, हिमालय, राजवाडे यांची रंगीत चित्रे त्या काळच्या भित्तिपत्रकांवर दिसतात.

पण प्रत्यक्षात दहांपैकी नऊ प्रवासी तिसऱ्या वर्गाचे होते आणि प्रवासी उत्पन्नाचा मोठा वाटा त्यांच्याच खिशातून येई. त्यांचे हाल कसे होत, हे महात्मा गांधींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावरील आपल्या छोट्या पुस्तिकेत लिहिले. रेल्वेची पुस्तिका आणि गांधींची पुस्तिका शेजारी ठेवून वाचा. दोन्ही कागद रेल्वेविषयीच आहेत. पण एक सांगतो काय दाखवायचे होते, दुसरा सांगतो काय झाकले गेले. साधनांची चिकित्सा म्हणतात ती हीच.

अशा कागदावर पुष्कळदा सालच नसते. ते शोधणे हा वर्गासाठी छान प्रयोग आहे. 'जी.आय.पी.' हे नाव असेल तर कागद बहुधा १९५१ पूर्वीचा, कारण त्या वर्षी ती रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. 'मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे' असे असेल तर तो १९०८ ते १९५१ यांमधला. भाडे रुपये-आणे-पैमध्ये असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचा. 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ या काळातला. एकेक पुरावा जोडत गेले की कालखंड अरुंद होत जातो.

मात्र हे कागद टिकणे अवघड आहे. स्वस्त छपाईच्या कागदात लाकडाचा लगदा असतो. त्यातील लिग्निन उजेडाने व हवेतील ऑक्सिजनने पिवळे पडते. कागदाला खळ देताना वापरलेल्या तुरटीमुळे आम्ल तयार होते, सेल्युलोजचे धागे तुटतात आणि घडीवर कागद मोडतो. म्हणून गंजलेल्या टाचण्या काढाव्यात, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. नोंद पेन्सिलीने, वेगळ्या कागदावर करावी. कागद कोठे व कोणाकडून मिळाला, हेही तीत लिहावे; त्याविना संग्रह म्हणजे नुसता ढीग.

एक गोष्ट आणखी. वळसंगला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या भेटीची आठवण सांगणारी विहीर आहे. १९३७ साली त्यांनी तिचे पाणी प्यायले. त्याच दशकात हिंदुस्थान पाहायला या, असे आमंत्रण रेल्वे जगाला देत होती. पाहुण्यांना दाखवायच्या त्या हिंदुस्थानात अशा विहिरीला जागा नव्हती. तेव्हा विद्यार्थ्यांना रेल्वेचे जुने कागद जमवायला सांगताना आणखी एक काम द्यावे. आपल्या गावाची पुस्तिका त्यांनी स्वतः लिहावी, आणि त्यात काय घेतले व काय गाळले, याचे कारणही लिहावे.