क्लाउडवरील जेसॉन डेटाबेस : रेस्टद्वारे वाचन

गूगलच्या फायरबेस रिअलटाइम डेटाबेसमध्ये सारी माहिती एकाच जेसॉन वृक्षात असते आणि प्रत्येक फांदीला स्वतःचा वेबपत्ता असतो. पत्त्याअखेर ‘.जेसॉन’चे रोमन रूप जोडून ‘गेट’ विनंती केली की उत्तर मिळते. पनवेल तालुक्यातील शिरढोणची नोंद अशी ठेवली, तर तिथे जन्मलेले क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मवर्ष, १८४५, तेवढेच मागता येते. म्हणून वाचनाचा खरा प्रश्न विनंतीचा नसून वृक्षाच्या बांधणीचा आहे. मराठी नावे अडतात, हा आक्षेप टिकत नाही. ‘शिरढोण’ यूटीएफ-८मध्ये १८ बाइट भरते, पत्त्यात टक्केचिन्हांसह ५४ अक्षरांचे होते. नावाची मर्यादा मात्र ७६८ बाइटांची आहे.

फांदी मागितली की तिच्याखालचे सगळेच येते, हा आक्षेप अधिक वजनदार. ‘शॅलो’ पर्यायाने फक्त पहिल्या पातळीची नावे मिळतात, पण तो तात्पुरता उपाय. नोंदी उथळ व सुट्या ठेवणे हाच खरा. सुरक्षेचेही तेच: वरच्या फांदीला दिलेली वाचनाची परवानगी खालच्या फांदीवर काढून घेता येत नाही. म्हणून गावाच्या इतिहासाशेजारी रहिवाशांचे फोन क्रमांक कधीही ठेवू नयेत.